पहिली बोट, पहिली पॉलिसी: मौजेच्या बोटीचा विमा घेताना काय बघायचं

मांडवा, रेवदंडा, पणजी, नाहीतर मुळशी-पवनेच्या काठावर नवी बोट घेतलेल्या माणसाला विम्याचं विचारलं, की उत्तर ठरलेलं: "आहे ना, एजंटने काढून दिलाय." पॉलिसीत काय लिहिलंय, असं विचारलं तर तो प्रीमियमचा आकडा सांगतो. बोटीच्या विम्यात प्रीमियमला फारसा अर्थ नसतो. बोट कुठे, केव्हा, कोणाच्या हाती आणि कशासाठी चालवणार, याबद्दलची चार-पाच वाक्यं पॉलिसीत असतात आणि दावा मिळणार की नाही ते तिथेच ठरतं. ती वाक्यं सही करण्याआधी बदलून घेता येतात. नुकसान झाल्यावर नाही.

हा लेख स्वतःच्या हौसेसाठी बोट ठेवणाऱ्यांसाठी आहे. प्रवासी बोटी, वॉटर स्पोर्ट्सचा धंदा आणि मासेमारी यांचे नियम वेगळे आहेत.

१. सक्तीचं काय आणि मर्जीचं काय

खाडी, नदी आणि धरणाच्या पाण्यात इंजिनावर बोट चालवायची, तर विमा कायद्याने लागतो. १९१७ चा जुना कायदा जाऊन त्या जागी इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट, २०२१ आला. नोंदणी, तपासणी आणि विमा या तिन्ही गोष्टी त्यात येतात. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड बघतं, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सचं कार्यालय.

सक्ती आहे ती मुख्यतः दुसऱ्याच्या नुकसानीसाठी. तुमच्या बोटीमुळे कोणी दगावलं, जखमी झालं, कोणाची बोट किंवा जेटी मोडली, पाण्यात तेल सांडलं, तर त्याची भरपाई. गाडीचा थर्ड पार्टी विमा असतो तसंच हे. तुमची स्वतःची बोट बुडाली तर या पॉलिसीतून छदामही मिळणार नाही. त्यासाठी वेगळा हल विमा घ्यावा लागतो. बोटीचं अंग, इंजिन, शिडं, डोलकाठी आणि बोटीवरचं सामान त्यात येतं. नवखे मालक सर्वांत जास्त इथेच गोंधळतात. हातात "बोटीचा विमा" असा कागद असतो, पण तो फक्त दायित्वाचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता, निघतो.

कयाक किंवा बिनइंजिनाची छोटी शिडाची बोट असेल तर हा सक्तीचा नियम तुमच्यामागे लागत नाही. पण डोलकाठी कोणाच्या डोक्यात बसली तर भरपाईची जबाबदारी तुमचीच राहते. दायित्वाचं कव्हर तेवढ्यासाठी घ्यावं.

आणखी एक. हा विमा मोबाइलवर दोन मिनिटांत मिळत नाही. सरकारी सामान्य विमा कंपन्यांपैकी एखादीच्या किंवा खासगी कंपनीच्या मरीन हल विभागाशी बोलावं लागतं. जवळच्या शाखेतल्या माणसाने अशी पॉलिसी आयुष्यात बघितलेली नसेल, हे धरून चाला. मरीनचं काम करणारा ब्रोकर गाठलात तर अर्धा त्रास वाचेल.

२. फॉर्म स्वतः भरा

सागरी विम्याचा पाया म्हणजे आपल्या देशातला १९६३ चा सागरी विमा कायदा. विमा घेणाऱ्याने स्वतःला माहीत असलेली प्रत्येक महत्त्वाची गोष्ट विचारण्याआधीच सांगितली पाहिजे, अशी त्याची अपेक्षा आहे. "त्यांनी विचारलंच नाही" हे उत्तर इथे चालत नाही. म्हणून फॉर्म एजंटच्या हाती सोपवून मोकळं होऊ नका.

बोटीची लांबी, बांधणीचं साल, फायबरची की लाकडाची, इंजिनाचे अश्वबळ, नांगरण्याची जागा, चालवणारा कोण, आधी कधी आपटली किंवा बुडाली होती का, हे सगळं खरं लिहा. सेकंडहँड बोटीच्या बाबतीत विकणाऱ्याकडून जुन्या दाव्यांची माहिती लेखी घ्या.

वेगाचा रकाना विशेष जपून भरा. मौजेच्या बोटींसाठी लंडनच्या विमा बाजारात १ नोव्हेंबर १९८५ रोजी ठरलेल्या अटींचा एक संच आहे, इन्स्टिट्यूट यॉट क्लॉजेस. आजही अनेक पॉलिसींना तोच जोडलेला असतो. त्यात रेषा आखली आहे १७ नॉट्सवर, म्हणजे ताशी साधारण साडेएकतीस किलोमीटर. बोटीचा कमाल वेग त्याहून जास्त असेल तर ती स्पीडबोट, आणि तिला वेगळ्या, कडक अटी लागतात. १५० अश्वबळाचं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवायचं इंजिन) लावलेली २२-२४ फुटी बोट ही रेषा सहज ओलांडते. "आम्ही एवढी पळवतच नाही" याला अर्थ नाही, बोट किती पळू शकते ते बघतात. वेग कमी लिहून प्रीमियम वाचवणं म्हणजे दाव्याच्या दिवशी कंपनीच्या हातात आयतं कोलीत देणं.

३. किंमत ठरवून घ्या

मान्य किंमतीची पॉलिसी मागा. तिच्यात बोटीची किंमत दोघांनी आधीच ठरवलेली असते. बोट पूर्ण गेली तर तेवढी रक्कम मिळते, त्या दिवशीच्या बाजारभावावर वाद घालत बसावं लागत नाही. फसवणूक नसेल तर ही किंमत दोन्ही बाजूंना बांधील असते, असं कायदाच म्हणतो.

किंमत ठरलेली नसेल आणि तुम्ही विमा कमी रकमेचा घेतला असेल, तर छोट्या नुकसानीतही मार बसतो. समजा बोट २० लाखांची आहे आणि विमा १२ लाखांचा. खडकावर घासून ५ लाखांची दुरुस्ती निघाली. कंपनी ५ लाख देणार नाही, त्या प्रमाणात ३ लाख देईल. उरलेल्या हिश्श्यापुरते तुम्ही स्वतःच विमा कंपनी, असं कायदा धरतो. त्यातून एक्सेस, म्हणजे प्रत्येक दाव्यात तुम्ही सोसायची ठरावीक रक्कम, वजा होते ती वेगळी.

नवी बोट आज घ्यायची झाली तर काय पडेल, तेही मोजा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मौजेच्या आणि खेळाच्या बोटींवर जीएसटी ४० टक्के झाला आहे. पाच वर्षांपूर्वीच्या बिलावर विम्याची रक्कम ठरवली असेल, तर ती आज अपुरी पडणार.

४. सर्व्हेला स्वतः हजर राहा

जुन्या बोटीसाठी कंपनी बहुधा सर्व्हे, म्हणजे जाणकाराकडून बोटीची तपासणी, मागते. मागितला नाही तरी बोट घेण्यापूर्वी तुम्ही करून घ्या, आणि तोही बोट पाण्याबाहेर काढून.

चांगला सर्व्हेअर काय करतो ते बघण्यासारखं असतं. हातात छोटी प्लास्टिकच्या डोक्याची हातोडी घेऊन तो तळावर टकटक करत पुढे सरकतो. चांगल्या फायबरचा आवाज खणखणीत येतो. थर सुटलेले असतील किंवा आतलं लाकूड भिजून कुजलं असेल, तिथे बद्द येतो. तेवढ्या जागेवर तो खडूने गोल करतो. मग पाण्याखालच्या रंगात बारीक फोड आलेत का बघतो, ओलावा मोजायचं यंत्र लावतो. आत शिरून तळातल्या प्रत्येक व्हॉल्वचा दांडा हाताने फिरवून बघतो. महिनोन् महिने न फिरवलेले व्हॉल्व गंजून अडकलेले असतात आणि पाइप फुटला की नेमके तेव्हाच बंद होत नाहीत. पाइपांना दोन-दोन क्लिपा आहेत का, बिल्ज पंपाचा (तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा) तरंगता स्विच उचलल्यावर पंप चालू होतो का, बॅटरीच्या वायरी मोकळ्या लोंबतात का, हेही तपासतो.

अहवालात शिफारशी येतात. त्या दोन प्रकारच्या असतात: "करावं" आणि "बोट पाण्यात उतरवण्यापूर्वी केलंच पाहिजे." दुसऱ्या प्रकारातली कामं पूर्ण करून, बिलं आणि फोटो कंपनीला ईमेलने पाठवा. अहवाल कंपनीकडे आहे आणि काम झालेलं नाही, अशा अवस्थेत बोट बुडाली तर बोलायला जागा उरत नाही.

५. वॉरंटी: पॉलिसीतलं खरं काळीज

इथे वेळ घालवा. दुकानातल्या वस्तूच्या वॉरंटीशी याचा संबंध नाही. सागरी विम्यात वॉरंटी म्हणजे तुम्ही दिलेलं वचन. कायद्याच्या ३५ व्या कलमानुसार ते तंतोतंत पाळावं लागतं, मग त्याचा नुकसानीशी संबंध असो वा नसो. मोडलं तर त्या क्षणापासून कंपनी मोकळी. चूक नंतर सुधारली तरी उपयोग नाही. ब्रिटनने २०१५ चा कायदा करून हा नियम बराच मवाळ केला, आपण केलेला नाही. तेव्हा इंटरनेटवरचे इंग्लंडमधल्या बोटवाल्यांचे सल्ले वाचून निर्धास्त होऊ नका.

*कुठे.* पॉलिसीत बोट चालवण्याची हद्द लिहिलेली असते. "मुंबई बंदर आणि लगतची खाडी" एवढंच लिहिलं असेल तर मुरुड-जंजिऱ्याची सहल हद्दीबाहेर गेली. वर्षातून एकदाच का होईना, मुंबईहून गोव्यापर्यंत जायचा बेत असेल तर आधी कळवून हद्द वाढवून घ्या. नोंदणीच्या कागदांत बोट कोणत्या पाण्यात चालवायची परवानगी आहे, तेही जुळलं पाहिजे. ट्रेलरवरून पुण्याहून पानशेतला नेताना रस्त्यात झालेलं नुकसान घेतलंय का, हा प्रश्न वेगळा विचारा.

*केव्हा.* आपल्या किनाऱ्यावर हाच मुद्दा सर्वांत अवघड. बहुतेक पॉलिसींत बोट अमुक तारखेपर्यंत वापरात आणि नंतर किनाऱ्यावर शाकारलेली (वर काढून झाकून ठेवलेली), असे दोन काळ असतात. प्रीमियम त्यावर ठरतो. कागदावर १ जून हा दिवस साजरा दिसतो, मासेमारीची बंदीही तेव्हाच लागते. पण समुद्र कॅलेंडर बघत नाही. तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं ते १७ मे २०२१ ला, आणि निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं ३ जून २०२० ला. एक पावसाळी तारखेच्या आधी, दुसरं जेमतेम नंतर.

आता विचार करा. पॉलिसी म्हणते १ जूनपासून बोट जमिनीवर. मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांनाच क्रेन हवी असते, तुमचा नंबर लागतो ५ जूनला, आणि ३ तारखेला बोट अजून मुरिंगवर, म्हणजे पाण्यातच बांधलेली, डुलते आहे. वादळ आलं तर वॉरंटी मोडलेली. यावर उपाय दोन. क्रेन एप्रिलमध्येच ठरवून ठेवा, आणि पॉलिसीत "तारीख चुकल्यास आगाऊ कळवून, जादा प्रीमियमवर कव्हर चालू" असं वाक्य घालून घ्या. वादळाचा इशारा आल्यावर बोट खाडीत आत न्यायची मुभा हद्दीच्या अटीत बसते का, तेही पाहा.

नांगरण्याची जागा याच प्रश्नात येते. गेटवेसमोर उघड्या पाण्यात बोयाला (साखळीने तळाशी जखडलेल्या तरंगत्या पिंपाला) बांधलेली बोट आणि खाडीत आत बांधलेली बोट यांची जोखीम एक नाही. बोयाची साखळी आणि शॅकल (साखळी जोडणारी लोखंडी कडी) केव्हा बदललं याची तारीख आणि फोटो ठेवा. सर्व्हेअर पहिल्यांदा तेच विचारतो.

*कोणाच्या हाती.* सुकाणूवर कोण असेल, त्याच्याकडे कोणतं प्रमाणपत्र असेल, हे पॉलिसीत असतं. स्पीडबोटीच्या अटींत तर बोट चालू असताना तुम्ही स्वतः किंवा सक्षम माणूस बोटीवर आणि ताबा घेऊन असलाच पाहिजे. पुतण्याला सुट्टीत चालवायला द्यायची हौस असेल तर त्याचं नाव आधी घाला.

*कशासाठी.* खासगी मौज, एवढंच. ओळखीच्यांच्या ग्रुपला फिरवून "डिझेलचे तेवढे द्या" म्हणालात तर ते भाडं ठरू शकतं. होमस्टेच्या पाहुण्यांना खोलीच्या पॅकेजमध्ये बोटीची फेरी देणं हे तर सरळ धंद्यातच मोडतं, त्याला परवानाही वेगळा आणि विमाही. शर्यतीत उतरणार असाल तर शर्यतीचं कव्हर जादा पैसे भरून घ्यावं लागतं. नाहीतर शिडं आणि डोलकाठी शर्यतीत गेली तर भरपाई नाही.

६. काय मिळत नाही

१९६३ च्या कायद्यात एक ओळ वाचून हसू येईल: पॉलिसीत वेगळं लिहिलं नसेल तर उंदीर-घुशींनी केलेल्या नुकसानीला विमाकर्ता जबाबदार नाही. पावसाळ्यात शेडमध्ये ठेवलेल्या बोटीच्या वायरी आणि इंधनाच्या नळ्या उंदरांनी कुरतडल्या की हसू जातं. झीज, गंज, सूर्याने फाटलेलं कव्हर, सदोष बांधणी सुधारण्याचा खर्च, हेही तुमच्याच खिशातून.

यॉट क्लॉजेसमधले काही अपवाद ध्यानात ठेवा. आउटबोर्ड इंजिन निसटून पाण्यात पडलं तर भरपाई नाही. ते चोरीला गेलं तर मिळेल, पण नेहमीच्या पकडीशिवाय वेगळ्या चोरीविरोधी कुलपाने बोटीला जखडलेलं असलं पाहिजे. केबिनमधली उपकरणं गेली तर कुलूप किंवा दार फोडल्याची खूण लागते. मोबाइल, कॅमेरा, गळ आणि मासेमारीचं सामान सहसा बोटीच्या विम्यात येत नाही. शिडं, कव्हरं आणि आउटबोर्ड यांच्या रकमेतून एक तृतीयांशापर्यंत कपात होऊ शकते.

आणि स्पीडबोटवाल्यांसाठी सर्वांत महत्त्वाचं: उघड्या किनाऱ्यासमोर कोणी नसताना नांगरून ठेवलेली बोट वाहून गेली, पाणी भरून बुडाली किंवा किनाऱ्यावर आपटली, तर दावा नाही. म्हणजे रविवारी काशीद किंवा नागावच्या किनाऱ्यापुढे नांगर टाकून सगळी मंडळी सुरमई खायला वर गेली, असा नेहमीचा बेत. ओहोटी सुरू झाली, नांगर घसरला, बोट खडकावर. पॉलिसी हातात, प्रीमियम भरलेला आणि भरपाई शून्य. एक माणूस बोटीवर ठेवा, त्याचं जेवण डब्यात न्या.

स्पीडबोटीत आत बसवलेलं इंजिन असेल तर आग विझवणारी यंत्रणा इंजिनाच्या खणात आपोआप चालणारी, किंवा सुकाणूपाशी कळ असलेली, आहे का ते पाहा. त्याशिवाय आगीचा दावा टिकत नाही.

७. बोटीवरची माणसं

बोटीवर बसलेले मित्र, पोहणारे, दुसरी बोट यांच्यासाठी दायित्वाचं कव्हर. त्याची मर्यादा बोटीच्या किंमतीएवढीच ठेवायचा मोह टाळा. १५ लाखांची बोट एका माणसाचा जीव घेऊ शकते आणि भरपाई बोटीच्या किंमतीत मोजली जात नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नौदलाची स्पीडबोट मुंबईच्या समुद्रात घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळली, तेव्हा वेगातल्या एका छोट्या बोटीमुळे काय होऊ शकतं ते सगळ्यांनी पाहिलं.

दोरीने ओढत नेलेले वॉटर स्कीवाले, ट्यूबवरची मुलं यांना नेहमीच्या अटींतून बहुधा वगळलेलं असतं. ते लेखी मागून घ्या.

पगारी तांडेल किंवा खलाशी ठेवला असेल तर तो "तिसरा पक्ष" नाही, तुमचा कामगार आहे. त्याला इजा झाल्यास कामगार भरपाईच्या कायद्याखाली (आधी १९२३ चा, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०) जबाबदारी तुमची, आणि बोटीच्या पॉलिसीत ती सहसा नसते. वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. तिचा प्रीमियम बोटीच्या विम्यापुढे किरकोळ असतो. बोटीवर लाखो खर्च करणारे मालक इथे कंजुषी करतात, हे मला अजून समजलेलं नाही.

८. नुकसान झालं, आता?

आधी माणसं, मग बोट. कायद्यानुसार नुकसान वाढू नये म्हणून वाजवी प्रयत्न करणं ही तुमची जबाबदारी आहे, आणि त्यासाठी केलेला योग्य खर्च सहसा मागता येतो. ओढून आणणाऱ्या बोटीचं, पंपाचं, क्रेनचं बिल सही-तारखेसह घ्या.

खाऱ्या पाण्यात बुडालेलं आउटबोर्ड वर आलं की लगेच चावी फिरवू नका. बॅटरी सोडवा, प्लग काढा, गोड्या पाण्याने भरपूर धुवा, सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढा, आत तेल फवारा आणि त्याच दिवशी मेकॅनिककडे द्या. दोन दिवस तसंच ठेवलं तर आतून गंजतं. मग सर्व्हेअर लिहितो, बुडण्यामुळे एवढं आणि हलगर्जीमुळे एवढं. या धुण्याचे फोटो काढून ठेवा, त्यावर वेळ दिसू द्या.

त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा. नुसता फोन पुरत नाही. चोरी असेल तर पोलिसात तक्रार, धडक किंवा बुडणं असेल तर स्थानिक बंदर निरीक्षकाला लेखी कळवा. सर्व्हेअर बघून जाईपर्यंत मोडलेले भाग फेकू नका, दुरुस्ती सुरू करू नका. आणि समोरच्या बोटवाल्यासमोर "माझीच चूक" असं लिहून देऊ नका. दायित्व कबूल करण्याआधी कंपनीची संमती लागते.

९. नकार आला, किंवा बोट विकली

नकाराचं पत्र आलं तर त्यात कोणत्या अटीचं कारण दिलंय ते बघा आणि कंपनीच्या तक्रार कक्षाला लेखी उत्तर द्या. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. व्यक्तीच्या नावावरची पॉलिसी आणि ५० लाखांपर्यंतची मागणी तिथे चालते. अर्ज कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत करायचा. ग्राहक आयोगाचा मार्ग आहेच, पण वेळ लागतो.

बोट विकताना एवढं लक्षात ठेवा, पॉलिसी बोटीबरोबर जात नाही. यॉट क्लॉजेसप्रमाणे कंपनीची लेखी संमती नसेल तर मालकी बदलली की ती आपोआप संपते आणि उरलेल्या दिवसांचा प्रीमियम तुम्हाला परत मिळतो. तो मागा. आणि तुम्ही घेणाऱ्याच्या बाजूला असाल, तर ताबा घ्यायच्या दिवशी तुमची स्वतःची पॉलिसी सुरू झालेली असू द्या. विकणाऱ्याने दाखवलेला कागद, त्यावर आणखी सात महिने शिल्लक दिसत असले तरी, तुमच्यासाठी रद्दी आहे.